कोणती धमनी, कोणता पाय, कधीपासून?

घरात कुणाला 'ब्लॉकेज निघाले' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हृदय, अँजिओग्राफी आणि स्टेंट उभे राहतात. प्रत्यक्षात धमन्या डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पसरलेल्या आहेत आणि त्या कुठेही अरुंद होऊ शकतात. मानेतली धमनी अरुंद झाली तर पक्षाघाताचा धोका असतो, मूत्रपिंडाची झाली तर रक्तदाब औषधांना दाद देत नाही, मांडीतली झाली तर थोडे चालताच पोटरीत गोळा येतो. आजार असा नाना रूपांचा असताना कागदावरची त्याची नोंद मात्र फार वेळा एका आखूड शब्दात आटोपलेली असते. हृदयाच्या धमन्यांसाठी 'सीएडी', हातापायांच्या रक्तवाहिन्यांसाठी 'पीव्हीडी', जुन्या पक्षाघातासाठी 'ओल्ड सीव्हीए', आणि शेवटी मृत्यूच्या प्रमाणपत्रावर 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. या आखूड नोंदींची किंमत आधी रुग्ण मोजतो, मग त्याचे कुटुंब आणि मग सगळा समाज, असे माझे म्हणणे आहे. ते पटवून देण्यासाठी 'मेडिकल कोडिंग' नावाचे काम मुळात काय असते, हे आधी पाहावे लागेल.

आजारांना क्रमांक देण्याची गरज मृत्यू मोजताना भासली. इंग्लंडमध्ये नागरी मृत्यूनोंदणी सुरू झाली तेव्हा त्या खात्याच्या आकडेवारीचे काम विल्यम फार या वैद्याकडे आले. १८३९च्या पहिल्याच वार्षिक अहवालात त्याने जी अडचण मांडली, ती आजही जशीच्या तशी लागू पडते. एकाच रोगाला तीन-चार नावे दिली जातात, एकाच नावाखाली वेगवेगळे रोग लिहिले जातात आणि मूळ रोग राहून त्यातून उद्भवलेली गुंतागुंतच नोंदवली जाते, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १८९३मध्ये फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियों यांनी शिकागोच्या परिषदेत मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८च्या सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि मृत्यूंच्या जोडीने आजारांचीही यादी झाली. हीच आजची आयसीडी. तिची दहावी आवृत्ती १९९०मध्ये मंजूर झाली. अकरावी २०१९मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी २०२२पासून लागू झाली असली, तरी आपल्याकडच्या विम्याच्या अर्जांत आणि मृत्यूच्या तक्त्यांत अजून दहावीच चालते. या दहाव्या आवृत्तीत रक्ताभिसरणाच्या आजारांना 'आय' हे अक्षर मिळाले आहे. तीव्र हृदयविकाराचा झटका आय २१मध्ये येतो. मेंदूला रक्त न पोचल्याने झालेला पक्षाघात आय ६३मध्ये, धमनीकाठिण्य आय ७०मध्ये आणि गुठळी अडकून बंद झालेली धमनी आय ७४मध्ये येते.

कोडर म्हणजे केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, शस्त्रक्रियेची टिपणे आणि डिस्चार्ज कार्ड वाचून त्यातल्या निदानाला योग्य क्रमांक लावणारा माणूस. त्याला शरीररचना आणि औषधांची नावे ठाऊक असावी लागतात, पण त्याच्या कामाचा पहिला नियम असा की त्याने स्वतः निदान करायचे नाही. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून येणाऱ्या आकड्याला डॉक्टर एबीआय म्हणतात. तो ०.९ किंवा त्याहून कमी आला तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत असे धरतात. समजा, कागदावर हा आकडा ०.४ आहे आणि खाली मधुमेहाची औषधेही लिहिलेली आहेत, पण डॉक्टरांनी धमनीच्या आजाराचे नाव कुठेच घेतलेले नाही. अशा वेळी कोडरला सगळे दिसत असूनही धमनीचा क्रमांक लावता येत नाही. तो फार तर डॉक्टरांना लेखी विचारणा करू शकतो. हे बंधन मला योग्य वाटते, कारण रुग्णाला न पाहिलेल्या माणसाने आकड्यावरून आजार ठरवू लागणे धोक्याचे आहे. मधुमेही माणसाच्या कडक झालेल्या धमन्या पट्ट्याने दाबल्या जात नाहीत आणि तोच आकडा फसवा होऊन १.४च्याही वर जातो. याचा अर्थ इतकाच की क्रमांकात जे काही ज्ञान असते ते डॉक्टरांच्या वाक्यातून आलेले असते, आणि वाक्यच अपुरे असेल तर पुढे कुणीही ते पूर्ण करू शकत नाही.

पूर्ण वाक्यात किती मावू शकते, हे अमेरिकेच्या पद्धतीत दिसते. १ ऑक्टोबर २०१५ रोजी तिथे दहाव्या आवृत्तीचा विस्तारलेला अवतार लागू झाला आणि निदानांचे क्रमांक सुमारे १४ हजारांवरून जवळजवळ ७० हजारांवर गेले. पायाच्या धमनीकाठिण्याचा क्रमांक लावायचा तर आता पाय उजवा की डावा की दोन्ही, हे लागते. धमनी मूळची आहे की बायपास करून जोडलेली, आणि जोडलेली असेल तर रुग्णाच्याच शिरेची की कृत्रिम नळीची, हे लागते. चालताना दुखते, की बसल्या जागीही दुखते, की जखम झाली आहे, की गँगरीनच झाले आहे, हेही लागते. जखम असेल तर ती मांडीवर, पोटरीवर, घोट्यावर की टाचेवर, याचाही वेगळा अंक आहे. वरवर पाहता हा कारकुनी सोस वाटेल. पण चालताना दुखणे, विश्रांतीतही दुखणे आणि मग जखम किंवा गँगरीन ही उतरंड रक्तवाहिन्यांचे सर्जन रेने फाँतेन यांच्या १९५४च्या वर्गीकरणापासून वापरतात. पहिल्या टप्प्यावरच्या माणसाला बहुधा औषधे, रोजचे चालणे आणि तंबाखू सोडणे पुरते, तर शेवटच्या टप्प्यावरच्याचा पाय वाचवण्यासाठी धावपळ करावी लागते. जो तपशील उपचार ठरवताना डॉक्टरांना लागतोच, तोच क्रमांकाला लागतो.

आता आपल्याकडच्या 'पीव्हीडी'कडे वळू. वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्या पस्तिशीतल्या माणसाच्या पायाची बोटे काळी पडू लागतात. हा बहुधा बर्गरचा आजार असतो. लिओ बर्गर या डॉक्टरने १९०८मध्ये त्याचे वर्णन केले आणि आयसीडीत तो आय ७३.१ आहे. यात चरबीचे थर नसतात. पाय आणि हातांच्या बारीक धमन्यांना सूज येऊन त्या गुठळ्यांनी बंद होत जातात, बायपास जोडायला पुढे धड धमनीच उरत नाही, आणि तंबाखू पूर्णपणे सोडण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. दुसरा रुग्ण पासष्टीचा, वीस वर्षांचा मधुमेही. त्याच्या धमन्यांत चरबी आणि चुन्याचे थर साचले आहेत. त्याला कोलेस्टेरॉलची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, साखरेवर ताबा आणि गरज पडल्यास फुगा किंवा बायपास हवा. तिसरी रुग्ण चाळिशीतली बाई. लहानपणीच्या सांधेतापाने तिच्या हृदयाची झडप अरुंद झालेली, ठोके अनियमित, आणि हृदयातली गुठळी सुटून एका क्षणात मांडीच्या धमनीत अडकलेली. तिच्या हातात सहा तासांच्या आसपासच वेळ असतो, त्यानंतर पायाचे स्नायू मरू लागतात. पाय वाचला तरी पुढची गुठळी मेंदूत जाऊ नये म्हणून तिला गुठळी रोखणारे औषध दीर्घकाळ घ्यावे लागते. या तिघांच्याही कार्डावर 'पीव्हीडी' एवढेच लिहिले, तर तिघांनाही आय ७३.९ लागेल. याचा अर्थ 'परिघीय रक्तवाहिन्यांचा आजार, अनिर्दिष्ट'. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला आणि तिथून पुण्या-मुंबईला जाताना रुग्णासोबत हाच कागद प्रवास करतो. दोन वर्षांनी कुणी विचारले की या जिल्ह्यात विडीमुळे किती तरुणांचे पाय गेले, तर त्याचे उत्तर या अनिर्दिष्ट रकान्यात मिसळून गेलेले असते आणि तिथून ते पुन्हा वेगळे काढता येत नाही. तंबाखूविरोधाच्या कामाला याहून बोलका पुरावा कोणता मिळाला असता?

मान आणि मेंदूच्या बाबतीतही हेच होते. मानेतली धमनी अरुंद आहे पण पक्षाघात झालेला नाही, ही अवस्था आय ६५. त्याच धमनीपायी मेंदूचा भाग निकामी झाला तर आय ६३. पक्षाघात गुठळीने झाला की रक्तस्रावाने हेच लिहिले नसेल, तर आय ६४ नावाचा एक नाइलाजाचा क्रमांक आहे. गुठळीच्या पक्षाघातात रक्त पातळ ठेवणारी औषधे देतात आणि रक्तस्रावाच्या पक्षाघातात तीच औषधे घातक ठरू शकतात, हे लक्षात घेतले की 'सीव्हीए' या तीन अक्षरांचा तोकडेपणा कळतो. हृदयाच्या झटक्यात तारखेला महत्त्व आहे. चार आठवड्यांच्या आतला झटका आय २१मध्ये धरतात आणि जुना आय २५.२मध्ये. 'हार्ट अटॅकची हिस्ट्री' असे लिहून साल गाळले की हा फरक पुसला जातो.

सर्वांत मोठी हानी मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रावर होते. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४ अ भरतात. पहिल्या भागात तीन ओळी आहेत. वरच्या ओळीत मृत्यू लगेच कशाने झाला ते लिहायचे, तिच्या खाली ते कशामुळे उद्भवले आणि सर्वांत खाली मूळ कारण. प्रत्येकासमोर तो विकार किती काळ होता, यासाठीही जागा आहे. मृत्यूची पद्धत लिहू नका, म्हणजे नुसते हृदय बंद पडले असे लिहू नका, अशी सूचना नमुन्यावरच छापलेली असते. पाय सडून दगावलेल्या मधुमेही माणसाचे प्रमाणपत्र असे वाचता यायला हवे: रक्तात जंतुसंसर्ग, चार दिवस, तो डाव्या पायाच्या धमन्या बंद होऊन झालेल्या गँगरीनमुळे, तीन आठवडे, ते दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहामुळे, अठरा वर्षे. त्याऐवजी 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहिले तर ते खोटे ठरत नाही, कारण मरताना प्रत्येकाचेच हृदय आणि श्वास थांबतात. पण त्यातून काहीच कळत नाही. ख्रिस्तोफर मरे आणि ॲलन लोपेझ या आरोग्य-आकडेवारीच्या अभ्यासकांनी अशा नोंदींना सरळ 'कचरा क्रमांक' असे नाव दिले. भारतात २०२०मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्क्यांनाच डॉक्टरांनी प्रमाणित केलेले कारण होते. त्यांतले ३२.१ टक्के मृत्यू रक्ताभिसरणाच्या आजारांनी झालेले होते. मुळात चार-पाचांत एकाच मृत्यूचे कारण डॉक्टर लिहितो, आणि त्यातला सर्वांत मोठा गट हाच. त्यातले हृदयाचे किती, मेंदूचे किती, पायाचे किती, हे त्या तीन ओळी नीट भरल्या तरच कळेल. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३मध्ये पुढे आले. त्यांच्या पायांच्या धमन्या तपासायला उपकरणे आणि माणसे कुठे लागतील, हे ठरवायला दुसरा आधार काय आहे?

जिवंत रुग्णाच्या बाबतीत हिशेब पैशांत होतो. विमा नियामकाने ठरवलेल्या दाव्याच्या अर्जात रुग्णालयाने भरायच्या भागात मुख्य निदान, जोडनिदाने आणि सहव्याधी यांच्यासाठी आयसीडी क्रमांकांचे रकाने आहेत. २०२४पासून आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा झाला आहे. त्यामुळे 'आजार कधीपासून' या प्रश्नाचे उत्तर कागदावर कसे उमटते यावर मेडिक्लेम मंजूर होणे अवलंबून राहते. पोटरी दुखणे सहा महिन्यांपूर्वी सुरू झाले, पण डॉक्टरांनी घाईत 'लाँगस्टँडिंग पीव्हीडी' लिहिले. एका विशेषणाने ती व्याधी पॉलिसीच्या आधीची होऊन बसते, दावा अडतो, आणि मग नातेवाईक त्या शब्दाचा अर्थ बदलून घेण्यासाठी खेपा घालतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या सरकारी योजनांतही उपचार पूर्वमंजुरीनेच होतात. ज्याच्याकडे उसने पैसे उभे करण्याचीही सोय नाही, त्याच्यासाठी मंजुरीच्या कागदावर उजवा-डावा चुकणे किंवा अँजिओग्राफीच्या अहवालाशी निदान न जुळणे म्हणजे आणखी दोन दिवस, आणि गँगरीनमध्ये दोन दिवस फार असतात.

हे काम आपल्या माणसांना जमत नाही असेही नाही. अमेरिकी रुग्णालयांचे कागद वाचून त्यांना क्रमांक लावणारी हजारो मुले-मुली पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नई इथे काम करतात. जीवशास्त्र, फार्मसी, फिजिओथेरपी अशा शाखांतून आलेली ही मंडळी परीक्षा देऊन कोडर होतात आणि सातासमुद्रापलीकडच्या माणसाच्या डाव्या टाचेवरची जखम कोणत्या धमनीच्या आजाराची, हे अचूक नोंदवतात. वैद्यकीय संज्ञांचा स्नोमेड सीटी हा संग्रह भारतात पुरवणारे राष्ट्रीय केंद्रही पुण्याच्या सी-डॅकमध्येच आहे. कौशल्य इथे आहे आणि साधनेही इथेच आहेत. आपल्या रुग्णांच्या वाट्याला ती आली पाहिजेत, असे मला कळकळीने वाटते.

यावर पहिला आणि रास्त आक्षेप डॉक्टरांचाच असेल. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दारापुढे रांग लागलेली असताना रुग्ण पाहायचा की निबंध लिहायचा? अमेरिकेतले डॉक्टर संगणकापुढे बसून थकले आहेत, ही तक्रारही खरी आहे, आणि ते ७० हजार क्रमांक उचलून इथे आणावेत असे मी म्हणत नाही. पण धमनीच्या आजाराला पुरे वाक्य म्हणजे निबंध नव्हे. कोणती धमनी, कोणती बाजू, कशाने बंद, कोणत्या टप्प्यावर, सोबत मधुमेह किंवा तंबाखू आहे का आणि कधीपासून, या सहा गोष्टी एका ओळीत मावतात. डॉक्टरांनी रुग्णाला तपासताना त्या मनात ठरवलेल्याच असतात. क्रमांक शोधणे हे डॉक्टरांचे काम नाही. त्यासाठी मोठ्या रुग्णालयांत प्रशिक्षित कोडर नेमावेत आणि छोट्या दवाखान्यांना छापील चौकटींचा नमुना द्यावा. चौकटीवर खूण करायला 'पीव्हीडी' लिहिण्याहून फारसा जास्त वेळ लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. क्रमांकाला पैसा जोडला की क्रमांक फुगतात. १९८३मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने आजारांच्या गटानुसार ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून जास्त गंभीर, म्हणून जास्त रकमेचे निदान लिहिण्याचा मोह तिथे आहे आणि त्याविरुद्ध खटलेही चालतात. आपल्या योजनांतही गैरव्यवहाराची प्रकरणे उघड होत असतात. हा धोका मी नाकारत नाही. पण लबाडीला कोणता कागद सोयीचा, याचा विचार करावा. 'डाव्या मांडीची धमनी पूर्ण बंद, एबीआय ०.४, टाचेवर जखम' असे लिहिले तर तपासनीस अहवाल, छायाचित्र आणि रुग्णाचा पाय या तिन्हींशी ते ताडून पाहू शकतो. 'पीव्हीडी, गंभीर' यात ताडायला काहीच नाही. मोघम नोंद प्रामाणिक डॉक्टरालाही संशयात टाकते आणि लबाडाला पळवाट देते.

आता संगणकच सारे वाचून क्रमांक लावेल, मग माणसांनी एवढा त्रास का घ्यावा, असेही विचारले जाते. मजकूर वाचून क्रमांक सुचवणाऱ्या यंत्रणा खरोखर आल्या आहेत आणि कोडरचे बरेच श्रम त्या वाचवतील. पण पाय उजवा की डावा हे कागदावर नसेल तर यंत्राला ते कळायचा मार्ग नाही. ते अंदाज करेल, आणि अंदाजाने लावलेला नेमका क्रमांक 'अनिर्दिष्ट'पेक्षाही वाईट, कारण त्याच्या अचूक रूपामुळे त्यावर कुणी शंका घेत नाही.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत डॉक्टरांनी जवळच्या नातेवाइकालाही द्यायची आहे. म्हणजे ज्या तीन ओळी आजवर निबंधकाच्या दप्तरात जात होत्या, त्या आता घरी वाचल्या जातील. पण त्या आधीचा कागद, डिस्चार्ज कार्ड, रुग्ण हिंडता-फिरता असतानाच त्याच्या हाती येतो. तो घेताना खिडकीपाशी क्षणभर थांबून पाहावे. पायाची बाजू लिहिली आहे का? धमनीचे नाव आहे का, की नुसती तीन अक्षरे आहेत? घोट्याच्या दाबाचा आकडा आणि तो घेतल्याची तारीख आहे का? तंबाखू चालू, बंद की कधीच नाही, यांतले काय लिहिले आहे? यातले काही राहिले असेल तर डॉक्टरांना तिथेच, नम्रपणे, ते भरून द्यायला सांगावे. आठवड्याने फोनवरून ही दुरुस्ती करून घेणे अवघड असते. रुग्ण वॉर्डातून बाहेर पडण्याआधी तिला दोन मिनिटे लागतात.